जांभळा शॅमरॉक मेला नाहीये, झोपलाय: कोकणातल्या दमट घरात ऑक्झालिस सांभाळायची पायरीवार पद्धत

दर मे महिन्यात एकच तक्रार कानावर येते. जांभळ्या पानांचं ते तीनपानी झाड नर्सरीतून आणलं, चार महिने मस्त चाललं, मग एकदम माना टाकल्या, रोज पाणी घालतोय तरी सुधारत नाही. सुधारत नाही कारण रोज पाणी घालताय. या झाडाला मधेमधे झोप लागते, आणि झोपेत त्याच्या मुळाशी पाणी साचलं की खालचे कंद सडतात, आणि एकदा कंद गेले की मग खरंच संपलं.

बहुतेकांचा क्रम असा असतो: आणल्या दिवशी कुंडी बदलायची, मग रोज सकाळी चहाबरोबर त्यालाही मगभर पाणी, मे मध्ये पानं पडायला लागली की डबल पाणी, आणि जूनमध्ये कुंडी परसात उपडी करायची. खालचा क्रम जवळजवळ उलटा आहे. किनाऱ्यालगतची घरं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ला वगैरे. पुण्याच्या बाल्कनीचं वेळापत्रक इथे लावलंत तर आषाढात पस्तावाल.

## आधी ओळख पटवा

नर्सरीत पर्पल शॅमरॉक, बटरफ्लाय प्लांट, लकी क्लोव्हर असं काहीही नाव लावून विकतात. आपल्याला हवं ते ऑक्झालिस ट्रायँग्युलॅरिस. एका बारीक, पाणीदार देठाच्या टोकाला तीन त्रिकोणी पानं, गडद जांभळी, बऱ्याचदा मधे फिकट गुलाबी-जांभळा डाग, आणि फुलं फिकट गुलाबी किंवा पांढरट. याचीच हिरव्या पानांची, पांढऱ्या फुलांची जातही मिळते, तिची काळजी सेम. चार पानं आणि मधे काळपट पट्टा असेल तर ते ऑक्झालिस टेट्राफायला, ते थंडीत पक्की झोप घेतं, त्यामुळे खालचे महिने त्याला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, बाकी पद्धत चालेल.

आपल्या अंगणात उगवणारी आंबुशी याच कुळातली. कुंडीत बारीक हिरवी पानं आणि पिवळी फुलं दिसली तर ती आंबुशी आहे, तण म्हणून मुळासकट काढा, तिच्या शेंगा तडकून बिया लांब उडतात आणि दोन महिन्यांत सगळ्या कुंड्यांत तीच. उलटा घोळही होतो बरं का, घरातलं कुणीतरी साफसफाईच्या उत्साहात जांभळ्याचे नवे कोंबच तण समजून उपटतं. कुंडीवर एक खूण ठेवा.

तपासा: रात्री तिन्ही पानं खाली दुमडून देठाला टेकलेली दिसली तर घाबरू नका, हे रोजचंच आहे, कडक उन्हातही ती अशीच मिटतात. झाड आजारी आहे की नाही ते सकाळी नऊ-दहाला सावलीच्या उजेडात बघा. त्या वेळी पानं उघडली असतील तर झाड ठणठणीत आहे, हातातला मग खाली ठेवा.

## पायरी १: आणल्यावर पहिला आठवडा काहीच करू नका

गाडीच्या डिकीत गरम होऊन, घाटातून हिंदकळून आलेलं झाड असतं. आल्या आल्या उपटून नव्या कुंडीत घातलं तर देठ मोडतात, आणि ते असे नाजूक की बोट लागलं तरी लोळतात. ओटीवर किंवा पडवीत उजेडाच्या, पण ऊन न लागणाऱ्या जागी ठेवा. बाकी झाडांपासून हातभर लांब, कारण कीड असली तर आठवड्यात दिसेल.

तेवढ्यात एकच काम करा, माती बघा. पुष्कळ वेळा झाड नुसत्या ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) नाहीतर गोळा झालेल्या चिकट लाल मातीत असतं. बोट खुपसलं आणि आत चिखल लागला तर वरचं पाणी पूर्ण बंद. कुंडी बदलायची ती आठवड्याने, तोवर सामान जमवा.

## पायरी २: मातीचं मिश्रण

या पायरीला वेळ द्या, निम्मी झाडं इथेच वाचतात किंवा जातात.

हे झाड मूळचं ब्राझील आणि आसपासच्या देशांतलं, त्यामुळे हवेतल्या दमटपणाचं त्याला काही वाटत नाही. त्याला नको असतं ते मुळाशी थांबलेलं पाणी. म्हणजे आपल्याला अशी माती हवी जी ओल धरेल पण पाणी धरणार नाही, आणि जुलैत हवा इतकी ओली असते की कुंडी स्वतःहून सुकतच नाही, हे धरूनच मिश्रण करायचं.

तीन सारखे भाग घ्या. एक भाग चाळलेली लाल माती, आंब्या-काजूखालची भुसभुशीत चालेल, भाताच्या मळ्यातली नको, ती कुंडीत बसली की विटेसारखी घट्ट होते. दुसरा भाग कोकोपीट. तिसरा भाग जाड काहीतरी: नदीची भरड वाळू, किंवा चिऱ्याचा चुरा चाळून त्यातले वाटाण्याएवढे खडे (बारीक लाल पीठ फेकून द्या, तेच भोकं बुजवतं), किंवा विकतचा परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे). या सगळ्यात वरून अर्धा भाग गांडूळखत. ताजं शेण अजिबात नाही, अर्धवट कुजलेलं शेणखतही नाही.

आता मिठाची गोष्ट, ही आपल्याकडे खास सांगावी लागते. समुद्राची वाळू घालू नका, खाडीची पण नको. "धुवून घेतली की" असं म्हणणारे भेटतील, पण नदीची भरड वाळू मिळत असताना तो खटाटोप कशाला. कोकोपीटच्या विटेतही मीठ असू शकतं, म्हणून वीट बादलीत फुगवा, फडक्यात घालून पिळा, पाणी टाका, असं दोन-तीनदा करा, पिळलेलं पाणी गडद चहासारखं येतं ते फिकं होईपर्यंत. घरी नारळाची सोडणं कुटून भुसा काढला असेल तर तोही असाच धुवा, आणि सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवलेली असतील तर तो भुसा वापरूच नका.

तपासा: मिश्रण मुठीत दाबा आणि मूठ उघडा. गोळा राहिला आणि बोटाने टोचलं की लगेच फुटला, तर जमलं. गोळा तसाच राहिला तर आणखी खडे घाला.

## पायरी ३: कुंडी आणि लावणी

कुंडी मातीची, ५ ते ६ इंचांची, तळाला किमान एक बोट जाईल असं भोक. मोठी कुंडी घेऊन "वाढेल हळूहळू" हा विचार इथे चालत नाही, कारण मुळं नसलेल्या मातीत पाणी नुसतं बसून राहतं. चिनी मातीचा बिनभोकाचा सुंदर डबा कुणी भेट दिला असेल तर त्यात चहाचे चमचे ठेवा.

तळाला खडीचा थर घालायची सवय सोडा. त्याने निचरा सुधारत नाही, पाणी खडीच्या वरच्या मातीत अडकून राहतं आणि कंदांना ओल आणखी जवळ येते. भोकावर फुटक्या कौलाचा बाकदार तुकडा पालथा ठेवा, माती वाहून जात नाही आणि पाणी निघतं, बास.

जुन्या कुंडीतून झाड काढताना देठांना धरून ओढू नका. कुंडी आडवी करा, बाजूंनी थापट्या मारा, गोळा हातावर घ्या. माती झटकली की खाली कंद दिसतील: लांबट, तपकिरी-गुलाबीसर, खवल्यांवर खवले, सुरूचं बोंड ताणून लांब केल्यासारखे. काहींच्या खाली पांढरट, अर्धवट आरपार दिसणारं, जाड पाणीदार मूळ लोंबत असतं. लोक त्याला किडलेला भाग समजून कापतात. ते झाडाचं साठवणीचं मूळ आहे, राहू द्या.

कंद बोटांनी हलकेच दाबा. टणक म्हणजे चांगला. मऊ, पिचपिचीत, कुबट वासाचा असेल तर फेका. अर्धा चांगला अर्धा सडका असेल तर चांगला तुकडा मोडून घ्या आणि सावलीत एक-दोन दिवस कागदावर सुकू द्या, हळद-बिळद लावायची गरज नाही.

मग कुंडी अर्ध्याहून थोडी जास्त भरा, ६ इंची कुंडीत पाच ते सात कंद पसरून ठेवा, वर एक ते दीड इंच मिश्रण. कंद उभा, आडवा, उलटा कसाही पडला तरी कोंब वरच येतो, त्यामुळे डोकं कुठलं नि पाय कुठला हे शोधत बसू नका. वरून एक इंच जागा रिकामी सोडा. पानं असलेलं झाड असेल तर आधी होतं त्याच खोलीवर बसवा, देठ मातीत गाडू नका.

एकदा सावकाश पाणी द्या, खालून निथळेपर्यंत. नुसते कंद लावले असतील तर पुढचं पाणी वरची माती सुकल्याशिवाय नाही. कोंब यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि या काळात रोज उकरून बघणारे लोक आहेत, त्यांनी कुंडी माळ्यावर ठेवली तरी चालेल पण उकरू नये.

थांबा: मगभर पाणी ओतल्यावर ते मिनिटभरात खालून बाहेर यायला पाहिजे. वर डबकं साचून राहिलं तर आत्ताच माती बदला. हेच पावसाळ्यात कळलं तर उशीर झालेला असतो.

## पायरी ४: जागा

पूर्वेची खिडकी किंवा ओटीचा पूर्वेकडचा कठडा सगळ्यात छान, सकाळचं दीड-दोन तास कोवळं ऊन मिळालं तर पानांचा रंग गडद होतो. कौलारू घरात खाली उतरलेल्या वळचणीमुळे आत अंधार असतो, तिथे माजघरात ठेवलेलं झाड देठ लांबवत जातं, पानं फिकी आणि छोटी पडतात आणि सगळं एका बाजूला लोळतं. दर चार-पाच दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवा.

पश्चिमेला, समुद्राच्या तोंडावर ठेवू नका. दुपारचं ऊन पानं जाळतं आणि खारं वारं कडा करपवतं, दोन्ही एकदम आल्यावर नक्की कशाने झालं ते कळतही नाही. वाऱ्याच्या वाटेत देठ मोडतात हा तिसरा वैताग.

मांजर, कुत्रा, शेजारची शेळी यांच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. पानांत ऑक्झॅलेट असतं, जास्त खाल्लं तर जनावराला बाधतं. आंबुशीची चटणी करतो तशी याची करू का, असं विचारणारे पण आहेत. नको. नर्सरीत त्यावर काय फवारलंय ते तुम्हाला माहीत नाही, आणि मुतखड्याचा त्रास असलेल्या माणसाने तर ऑक्झॅलेटच्या वाट्याला जाऊच नये.

## पायरी ५: पाणी आणि थोडंसं खत

वार ठरवून पाणी घालू नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, तिथे कोरडं लागलं तर पाणी, ओलसर लागलं तर उद्या परत बघा. दुसरी युक्ती म्हणजे कुंडी उचलून बघायची, चार वेळा केलंत की हाताला वजन कळायला लागतं. अंदाज म्हणून सांगायचं तर दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत आठवड्यातून दोनदा, आणि भर पावसात आठ-दहा दिवसांतून एकदा किंवा तेही नाही.

द्याल तेव्हा पूर्ण द्या, निथळेपर्यंत, आणि बशीत जमलेलं पाणी पंधरा मिनिटांनी ओतून टाका. घोट घोट रोज पाजलं की वर ओल आणि खाली कोरडं असं होतं. बशीत पाणी ठेवलं तर डास वेगळेच.

एप्रिल-मे मध्ये किनाऱ्याजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ होतं. आपण पिण्यासाठी टँकर किंवा नळाचं पाणी वापरतो आणि झाडांना मात्र विहिरीचंच घालतो. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या, कुंडीच्या बाहेरून पांढरी बुरशीसारखी पण खरखरीत पावडर आली, तर ते मीठ आहे. एकदा गोड पाणी भरपूर ओतून माती धुवून काढा, आणि पुढे एवढ्या एका कुंडीला पिण्याचंच पाणी द्या, लागतं किती, कपभर.

खत फक्त नवी पानं येत असताना. विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, ओल्या मातीत. किंवा दोन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वर पसरा. झोपलेल्या झाडाला खत देऊ नये.

## पायरी ६: झोप आली की

साधारण २७ अंशांच्या वर तापमान सलग राहिलं की हे झाड आवरतं घ्यायला लागतं. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये रात्रीसुद्धा उकाडा उतरत नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत झोप तेव्हाच येते. पण तारीख लिहिलेली नाही. काही झाडं मे भर टिकून आषाढातल्या मळभात उजेड कमी पडला म्हणून झोपतात, काही सावलीच्या थंड पडवीत वर्षभर जागीच राहतात. कॅलेंडर नको, झाड बघा.

लक्षणं: नवीन कोंब थांबतात, फुलं संपतात, जुनी पानं बाहेरच्या बाजूने पिवळी-तपकिरी होत लोळतात, आणि हे दोन-तीन आठवडे हळूहळू चालतं. एका रात्रीत सगळी पानं चिखलासारखी लोळली आणि देठाचं बूड पारदर्शक-मऊ झालं असेल तर ती झोप नाही, सड आहे, त्यासाठी पावसाळ्याची पायरी वाचा.

झोपेची खात्री पटली की:

पाणी कमी करत दहा दिवसांत बंद. पानं पूर्ण सुकू द्या, हिरवी-जांभळी असताना कापू नका, त्यातलं सत्त्व कंदात उतरतंय. सुकलेली पानं कात्रीने मातीच्या पातळीला कापा. मग कुंडी अशा जागी ठेवा जिथे ऊन नाही आणि पावसाची झड येत नाही, पलंगाखाली, जिन्याखाली, कुठेही. साधारण दोन ते सहा आठवडे.

हे सगळे नीट करतात आणि मग कुंडी रिकामी दिसते म्हणून उचलून अंगणातल्या बाकी रिकाम्या कुंड्यांत ठेवून देतात. जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस येतो, कोरडे कंद आठ दिवस भिजत पडतात, आणि खेळ खल्लास. झोपलेली कुंडी घरात. वर कागद चिकटवून लिहा, नाहीतर कुणीतरी त्यात कढीपत्त्याचं रोप खोचेल.

उलट टोकाचीही चूक होते, तीन-चार महिने विसरून जायचं. कंद लहान असतात, सुकून सुरकुततात. पंधरा दिवसांनी एकदा वरची माती बाजूला करून एक कंद दाबून बघा. टणक असेल तर झाका. सुरकुतला असेल तर दोन-तीन चमचे पाणी कडेने द्या, जास्त नाही.

## पायरी ७: उठवणं आणि वाटणी

बारीक, दुमडलेल्या पानांचे कोंब दिसले की झोप संपली. दिसले नाहीत तरी सहा आठवड्यांनी उजेडात आणून एकदा नीट पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे वाट बघा.

पहिल्या लावणीनंतर पुन्हा कुंडी बदलायची, कंद वेगळे करायचे, माती नवी घालायची ती याच वेळेला, कोंब यायच्या अगदी आधी किंवा ते नखाएवढे असताना. भर पानांत वाटणी करू नका. पायरी ३ जशीच्या तशी परत करा. कुंडीत कंद दुप्पट-तिप्पट झालेले असतात, सगळे त्याच कुंडीत कोंबू नका. आणि झटकलेली जुनी माती वाफ्यात फेकू नका, त्यात राहिलेले बारीक कंद भाजीच्या वाफ्यात उगवत राहतात.

तपासा: कोंब आले म्हणून लगेच रोज पाणी सुरू करू नका. पानं चार-पाच उघडली की पायरी ५ चा नियम, तोवर अर्धं पाणी.

## पायरी ८: पावसाळा

रोहिण्या लागायच्या आत कुंडीची जागा ठरवा. वळचणीखाली मुळीच नाही, पागोळ्या मातीत खड्डा पाडतात आणि कंद उघडे पडतात. पडवीत ठेवलीत तर भिंतीच्या बाजूला, जिथपर्यंत झड येऊन लादी ओली होते त्याच्या आत. कठड्याला झापांचा नाहीतर प्लॅस्टिकचा आडोसा बांधला असेल तर उजेडही जातो, म्हणून उघडीप मिळाली की कुंडी दोन तास बाहेर उजेडात, ढग आले की आत. कुंडी थेट लादीवर नको, दोन चिऱ्याच्या तुकड्यांवर ठेवा म्हणजे खालून हवा लागते.

सड लागलीच तर वाट बघू नका. त्याच दिवशी कुंडी उपडी करा, सगळी पानं कापा (हो, सगळी, कंद शाबूत असतील तर परत येतात), मऊ कंद फेका, टणक कंद कागदावर पसरून पंख्याखाली दोन-तीन दिवस सुकवा. बाहेर सुकत घालू नका, जुलैत बाहेर काही सुकत नाही, बुरा येतो. मग कोरड्या नव्या मिश्रणात लावा आणि पहिलं पाणी आठवड्याने.

गोगलगायी रात्रीत पानं साफ करतात. रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचा, हातमोजा किंवा पिशवी घालून. कुंडीत मीठ टाकू नका, गोगलगाय मरेल आणि झाडही.

पानाच्या मागे केशरी ठिपक्यांची पावडर म्हणजे तांबेरा. त्यावर फवारण्यांचा मारा करण्यापेक्षा सगळी पानं कापून कचऱ्यात टाका, खतात नको, आणि नवीन पानांवर पाणी उडू देऊ नका. देठांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण, ओल्या फडक्याने पुसा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थेंबभर साबण, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. उन्हाळ्यात पानं धुरकट दिसून मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, त्यालाही हेच.

## कंद मुंबईला पाठवायचे असतील तर

गणपतीला आलेले चाकरमानी कंद मागतातच. पानांसकट उपटून ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत देऊ नका, पनवेल येईपर्यंत त्याचं लोणचं होतं. आठ-दहा टणक कंद काढा, माती झटका, धुऊ नका, एक दिवस पंख्याखाली ठेवा आणि वर्तमानपत्रात सैल गुंडाळून कागदी पिशवीत घाला. पिशवीवर तारीख लिहा आणि सांगा की महिन्याभरात लावा, दीड इंच खोल, लावताना एकदा पाणी द्या, आणि मग वरची माती सुकल्याशिवाय पाण्याच्या मगाला हात लावू नका.